दवाखानाही हक्काचा

(संघटनेच्या जिंतूर तालुका मेळाव्यात दुपारच्या बैठकीत जे बोलणं झालं, त्याचा हा मजकूर. उसाच्या तोडीला गेल्यामुळे किंवा गाडीभाड्याला पैसे नसल्यामुळे ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. वस्तीत ज्याला वाचता येतं त्याने सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावा.)



सकाळपासून वनहक्काच्या दाव्यांवर बोलणं झालं. कोणत्या गावाची वनहक्क समिती झाली, कोणाचे पुरावे अडले, कोणाचा नकाशा राहिला, हे सगळं आपण पाहिलं. आता दवाखान्यावर बोलायचं आहे. जेवणाच्या वेळी काही जण म्हणाले, "जमिनीच्या मेळाव्यात दवाखाना कशाला आणायलाव? आधी पट्टा तर हातात येऊ द्या." प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

जमीन राखायची तर अंग राखावं लागतं

आपल्या वस्त्यांवर कोणाचे बैल गेले, कोणाचे डाग मोडले, कोणाचं शेत सावकाराकडे पडलं, ते जरा आठवून पाहा. काही लग्नात गेलं, काही दुष्काळात गेलं आणि बरंच आजारपणात गेलं. लग्न पुढं ढकलता येतं. दुष्काळात रोजगार हमीचं काम मागता येतं. आजाराला थांब म्हणता येत नाही. रात्री बाई अडली की माणूस भाव करत बसत नाही. जीपवाला मागेल ते द्यायचं, खाजगी डॉक्टर मागेल ते द्यायचं, आणि उजाडल्यावर सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसायचं.

वनहक्काच्या कायद्याने मिळालेली जमीन विकता येत नाही, ती वारसाने लेकरांकडे जाते. हे चांगलंच आहे. पण त्या जमिनीवरचं पीक गहाण पडतं. बैल विकले जातात. बी-भरणाला काही उरलं नाही की नवरा-बायको दोघं मुकादमाकडून उचल घेतात आणि कोयता घेऊन कारखान्यावर जातात. पट्टा खुंटीला आणि माणूस फडात. बाई पोटुशी असली तरी मोळी उचलावीच लागते. गावात नर्सबाई डोस द्यायला येते तेव्हा लेकरू कारखान्याच्या कोपीत असतं, आणि कारखान्यावर कोणी विचारलं तर म्हणतात, हे लेकरू आमच्या यादीत नाही. असं लेकरू दोन्हीकडच्या यादीतून सुटतं.

म्हणून आम्ही म्हणतो की दवाखाना हा जमिनीच्या लढ्याचाच भाग आहे. एका आजारात घर बसत असेल तर मिळवलेली जमीन कसणार कोण?

आदिवासी दवाखान्यात का जात नाही

कचेरीत गेलं की एक वाक्य ऐकायला मिळतं. "तुमचे लोकच येत नाहीत. आधी देवऋषीकडे जातात, शेवटच्या घटकेला आमच्याकडे आणतात." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनाही ते खरं वाटायला लागलं आहे.

आपण बायांच्या बैठका घेतल्या तेव्हा उलटं ऐकायला आलं. बाया दवाखान्यात गेल्या होत्या. एकदा गेल्या, आणि परत जायचं नाही असं ठरवून आल्या. एकीला रांगेतून उठवून मागे बसवलं, का तर अंगाला वास येतो. एकीला बाळंतपणाच्या कळा चालू असताना "ओरडू नको, हे तुझं रान नाही" असं ऐकवलं. एका म्हाताऱ्याला हात न लावता, लांबूनच विचारून गोळ्या दिल्या. पारध्यांच्या बेड्यावरची एक बाई तापाचं लेकरू घेऊन गेली, तर आधी तिची पिशवी तपासली, मग लेकरू. एका बाईनं सांगितलं, "माय, दुखणं सोसवतं, पण ते बघणं सोसवत नाही."

त्या दवाखान्यांची नावं इथं घेत नाही. कारण हे एका दवाखान्याचं आणि एका माणसाचं नाही. काही सिस्टर, काही डॉक्टर रात्री-बेरात्री आपल्यासाठी धावून आलेले आहेत, त्यांचे उपकार आपण विसरत नाही. पण आपला जीव वाचणं हे चांगला माणूस भेटण्यावर अवलंबून असेल, तर त्याला हक्क म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. सातबारा तलाठ्याच्या मर्जीवर चालत नाही, तसा दवाखानाही कोणाच्या मर्जीवर चालू नये.

पारध्यांच्या बाबतीत तर याची मुळं कायद्यातच आहेत. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अशा जमातींच्या जन्मलेल्या लेकरालाही गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरून गेला, पण नजरेतून गेला नाही. ठाण्यात जी नजर आहे तीच दवाखान्याच्या खिडकीत आहे. त्या नजरेची जखम औषधाच्या बाटलीने भरत नाही. ती आधी चारचौघांत बोलावी लागते. बैठकीत एका बाईनं तोंड उघडलं की दुसरी म्हणते, "माझंही असंच झालं." प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं, आपणच अडाणी. सगळ्यांचं सारखंच झालेलं आहे हे कळलं की मान वर होते. इथूनच बरं होण्याला सुरुवात होते.

डोंगरात राहतो, पण हिशेब सपाटीचा

आता दुसरी गोष्ट. ही कोणाच्या वागण्याची नाही, सरकारच्या हिशेबाची आहे.

सरकारचा नियम असा आहे. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकांमागे उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे आरोग्य केंद्र. कारण उघड आहे. डोंगरात वस्त्या लांब-लांब असतात, रस्ता नसतो, पावसाळ्यात ओढा आडवा येतो.

पण आदिवासी भाग म्हणजे कोणता? राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली महाराष्ट्रातले ठराविक तालुके आणि गावं अनुसूचित क्षेत्र म्हणून जाहीर झालेली आहेत. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं किनवट त्यात आहे. परभणी जिल्हा त्यात नाही. आंध समाज किनवटलाही आहे, कळमनुरी-औंढ्यालाही आहे आणि इथं जिंतूरच्या डोंगरातही आहे. आपल्या सोयरिकी तिकडे होतात. जमात एक, दाखला एक. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आंध हे पहिलंच नाव आहे. पण किनवटला दिलेली लेक आदिवासी भागात मोजली जाते आणि तिची इथली बहीण सपाटीत मोजली जाते. जंगल तेच, गरिबी तीच, पण योजना येते तेव्हा एकीच्या दारात थांबते आणि दुसरीच्या दारावरून निघून जाते.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आपले कितीतरी भाऊबंद तिकडे गेले. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालयही कळमनुरीला, म्हणजे आता दुसऱ्या जिल्ह्यात. परभणीत आपण थोडे उरलो, विखुरलेले उरलो. थोडे आहेत म्हणून मोजायचे नाहीत, आणि मोजत नाहीत म्हणून थोडेच दिसतात.

याला तोड आहे. नियमात डोंगरी आणि अवघड भागाचाही उल्लेख आहे, नुसता अनुसूचित क्षेत्राचा नाही. आशा कार्यकर्तीचंही तसंच. हजार लोकांमागे एक आशा हा साधारण नियम, पण आदिवासी आणि डोंगरी भागात वस्तीमागे एक नेमायची सूट आहे. आपली वस्ती मूळ गावापासून किती किलोमीटर, मध्ये ओढा किती, पावसाळ्यात किती दिवस रस्ता बंद, हे लिहून दिल्याशिवाय ही सूट कोणी घरी आणून देणार नाही.

सातासमुद्रापलीकडची गोष्ट

कोणाला वाटेल, हे फक्त आपल्याच नशिबी आहे. तसं नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली हे तुम्ही ऐकलेलं आहे. ते नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलेलं होतं. या ब्लॅक पँथरवाल्यांनी नुसते मोर्चे काढले नाहीत, आपल्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले आणि सिकलसेलची तपासणी सुरू केली. सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आई-बापाकडून लेकराकडे येतो. तिकडे तो काळ्या लोकांत जास्त, म्हणून सरकारला त्याची फिकीर नव्हती. लोकांनी स्वतः तपासण्या सुरू केल्यावर १९७२ साली त्यावर कायदा आला. तोच आजार आपल्याकडे नंदुरबारच्या भिल्ल-पावऱ्यांत आणि गडचिरोलीच्या गोंड-माडियांत मोठ्या प्रमाणावर आहे.

त्याच देशात अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. तिथं १९३२ पासून सरकारच्याच आरोग्य खात्याने काळ्या शेतमजुरांवर एक प्रयोग केला. सुमारे ६०० माणसं होती, त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही, "तुमचं रक्त खराब आहे" एवढंच सांगितलं. पुढे पेनिसिलीन आलं, रोग बरा होऊ लागला, तरी त्यांना ते दिलं नाही. उपचार न करता माणूस कसा मरतो ते पाहायचं होतं. ४० वर्षं हे चाललं. १९७२ साली वर्तमानपत्रात आलं तेव्हा बंद झालं. १९९७ साली देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी, त्यातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून, सरकारच्या वतीने जाहीर माफी मागितली. मेलेले परत आले नाहीत. पण आपलं वागणं खराब होतं हे सरकारला तोंडाने म्हणावं लागलं. असं म्हटल्याशिवाय विश्वास परत येत नाही. तिकडचे कितीतरी काळे लोक डॉक्टरला बिचकतात ते अशा आठवणींनी, आणि तिकडेही साहेब लोक म्हणतात की हे लोकच येत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. तिकडे पुष्कळ इस्पितळांत काळ्यांचा वॉर्ड वेगळा आणि गोऱ्यांचा वेगळा असायचा. काही ठिकाणी काळ्यांना आतच घेत नसत. १९६४ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्याला असा भेद करता येणार नाही. १९६६ साली म्हाताऱ्यांच्या उपचारासाठी मेडिकेअर नावाची मोठी सरकारी योजना सुरू झाली. सरकारने सांगितलं, या योजनेचा पैसा हवा असेल तर आधी वॉर्ड एक करा. माणसं पाठवून तपासलं. थोड्याच महिन्यांत हजारावर इस्पितळांनी वॉर्ड एक केले. पिढ्यान्‌पिढ्या जे मनं वळवून झालं नव्हतं, ते पैशाला अट लावल्यावर महिन्यांत झालं.

तिकडे सगळं सुरळीत झालं असं नाही. आजही तिथं बाळंतपणात मरणाऱ्या काळ्या बायांचं प्रमाण गोऱ्या बायांच्या सुमारे तिप्पट आहे. वॉर्ड एक झाला तरी नजर एक व्हायला वेळ लागतो. पण दार उघडलं ते अटीने आणि तपासणीने उघडलं, हे आपण धरून ठेवायचं.

आपल्या मुलखात कोणी काय केलं

आता घराजवळ येऊ. नगर जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या बायांना शिकवलं, त्यात दलित बाया होत्या, अक्षर न येणाऱ्या बाया होत्या. लेकराला जुलाब झाले तर काय पाजायचं, बाळंतीण धोक्यात आहे हे कसं ओळखायचं, हे त्या बायांनी गावाला शिकवलं. जिच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, तिलाच गाव लेकरू दाखवायला लागलं. बोअर पाडायच्या वेळी ती दलित वस्तीत पाडली, म्हणजे गावाला पाण्यासाठी तिथं जावं लागलं. औषध देता-देता त्यांनी विटाळही काढला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम केलं. राणीबाईंनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. शंभरातल्या ९२ बायांना अंगावरचं काही ना काही दुखणं होतं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ होत्या. बाया सांगत नव्हत्या, कारण कोणी विचारलंच नव्हतं. हा अभ्यास १९८९ साली जगभर छापून आला.

दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही इस्पितळात का येत नाही? लोक म्हणाले, इमारत मोठी, आत गेलं की वाट सापडत नाही. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढरं कापड मढ्याला घालतात. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि तिथं देव नाही. मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, सोबतच्या माणसांना राहायला जागा केली आणि लोकांनी सांगितलेल्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. लोक येऊ लागले. देवऋषी सोडा म्हणून कोणी भाषण केलं नव्हतं.

पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. तान्ह्या लेकराला ऊब कशी द्यायची, त्याचा श्वास कसा मोजायचा, निमोनिया कसा ओळखायचा हे शिकवलं. तीन वर्षांत तान्ह्या लेकरांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. हे १९९९ साली छापून आलं. जिथं डॉक्टर पोचत नव्हता, तिथं गावच्या बाईनं लेकरं जगवली. आदिवासी अडाणी आहे म्हणून लेकरं मरतात, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा मोठं उत्तर नाही.

इथं एक गोष्ट सरळ सांगतो. आपल्या जाणत्या माणसांना झाडपाला कळतो, सुईणींच्या हाताला गुण आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण साप चावला, बाळंतिणीचं रक्त थांबेना, लेकराची छाती उडायला लागली, तर एक घटकाही घरी घालवायची नाही. सापावरची लस सरकारी दवाखान्यात असते, मंत्रात नसते. चावलेल्या जागी कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. बाजेवर घालून न्यायचं. जाणत्यालाही सोबत न्या, त्याने धीर द्यावा. तसंच अशक्तपणा म्हटलं की सलाईन लावून घ्यायची खोड आपल्याला लावलेली आहे. ज्याला तोंडाने पिता येतं त्याला मीठ-साखरेचं पाणी तेच काम करतं. सलाईनचे पैसे डॉक्टरच्या खिशात जातात, ताकद कोणाला येत नाही.

मोजल्याशिवाय हक्क मिळत नाही

वनहक्काच्या दाव्यात आपण काय शिकलो? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण जमीन कसतो, हे नुसतं सांगून भागत नाही. जुनी दंडाची पावती, म्हाताऱ्यांचे जबाब, बांध, विहीर, थडगं, सगळं गोळा करावं लागतं. गावच आधी तपासतं, गावच ठराव करतं, मग वर पाठवतं. दवाखान्याच्या बाबतीतही हेच करायचं आहे.

हे कुठं झालं का? झालं. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकांनीच दवाखान्यावर देखरेख करायचं काम सुरू झालं. ठाणे, नंदुरबार, अमरावती, पुणे आणि आपल्या मराठवाड्यातलं उस्मानाबाद. गावातली माणसं बसून विचारायची, नर्सबाई किती वेळा आली, औषध बाहेरून आणायला लावलं का, पैसे मागितले का, नीट बोलले का. त्यावरून गावाचं प्रगतीपुस्तक करायची. चांगलं असेल तिथं हिरवा रंग, बरं असेल तिथं पिवळा, वाईट असेल तिथं लाल. अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही लाल रंग कळतो. मग जनसुनवाई व्हायची, अधिकारी समोर बसायचे आणि लोक बोलायचे. परभणी या पाचांत नव्हती. म्हणून काय झालं? वही आणि रंगाच्या कांड्या विकत घ्यायला सरकारची परवानगी लागत नाही.

पैशाची अट कशी लावायची तेही पाहा. या अभियानाच्या सुरुवातीच्या काळात गावच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपये येत. उपकेंद्राला तेव्हा १०,००० येत, ते खातं नर्सबाई आणि सरपंच यांच्या नावाने असे. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडेही पैसा येतो. हा आपलाच पैसा आहे. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारायचं. त्यातून बाळंतिणीच्या जीपचं भाडं निघालं का, का नुसते पडदे आले? आदिवासी बाई दवाखान्यात बाळंत झाली तर जननी सुरक्षा योजनेतून गावाकडच्या बाईला ७०० रुपये मिळतात. वय १९ वर्षांच्या पुढे आणि दोन बाळंतपणांपर्यंत ही अट २०१३ पर्यंत होती. ते मिळाले का? का "पुढच्या महिन्यात या" असं सांगितलं?

आणि जमिनीचा धागा इथं पुन्हा येतो. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये लिहिलेलं आहे की गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते. दवाखाना, अंगणवाडी, शाळा, पिण्याचं पाणी, रस्ता अशा कामांना. जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, तोडायची झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नकोत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे वनखात्याची जमीन आहे म्हणून उपकेंद्र होत नाही, रस्ता होत नाही, असं कोणी म्हटलं तर हे कलम पुढं ठेवायचं. ग्रामसभेचा ठराव आपल्याच हातात आहे. दाव्याच्या ठरावाबरोबर हाही ठराव घ्या.

घरी जाऊन काय करायचं

बोलणं लांबलं. आता मेळाव्यापुढे जे ठेवलं आणि हात वर करून मंजूर झालं, ते लिहितो.

१. प्रत्येक वस्तीत एक दवाखाना-वही सुरू करायची. तारीख, कोण आजारी, कुठं नेलं, किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, दवाखान्यात कोण होतं, काय बोललं, औषध दिलं का बाहेरून आणायला लावलं, किती पैसे गेले, ते पैसे कुठून आणले. शेवटचा रकाना विसरायचा नाही. आजारपणात जमीन कशी जाते ते याच रकान्यात दिसेल.

२. वही बाईच्या ताब्यात राहील. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी पोर लिहील, बाई सांगेल.

३. घरी मेलेलं लेकरू आणि घरी मेलेली बाळंतीण, यांची नोंद झाल्याशिवाय माती द्यायची नाही असं नव्हे, पण तेराव्याच्या आत नोंद झाली पाहिजे. आपल्या मेलेल्यांची मोजदाद सरकारच्या आधी आपल्याकडे असली पाहिजे.

४. दवाखान्यात एकटं जायचं नाही. वस्तीतलं एक माणूस सोबत जाईल. भांडायला नाही, बसायला. सोबत माणूस असलं की बोलणं बदलतं, हा आपला अनुभव आहे.

५. तोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीआधी नर्सबाईला लेखी द्यायची. पोटुशी बाया आणि पाच वर्षांखालची लेकरं वेगळी लिहायची. लेकराचं डोसाचं कार्ड सोबत न्यायचं.

६. वस्तीचं अंतर, ओढे, पावसाळ्यात बंद पडणारी वाट यांचा नकाशा वनहक्क समितीनेच काढायचा. डोंगरी भागाच्या नियमाने उपकेंद्र आणि वस्तीला आपल्यातलीच आशा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावासकट जिल्हा परिषदेकडे पाठवायची.

७. सिकलसेलची तपासणी आपल्या वस्त्यांवर व्हावी, असा अर्ज जिल्हा रुग्णालयाकडे द्यायचा.

८. पुढच्या मेळाव्यात सगळ्या वह्या घेऊन यायच्या. त्यावरून लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाचा तक्ता करायचा आणि आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर वाचायचा. चांगलं वागणाऱ्याचं नाव घेऊन चांगलं म्हणायचं. वाईट झालं असेल तिथं जिच्यासोबत झालं ती स्वतः बोलेल, आपण तिच्या मागे उभे राहू.

आम्ही कोणाकडे जास्तीचं मागत नाही. सपाटीवरच्या पाटलाच्या लेकराला जी सुई, जे औषध आणि जे दोन बरे शब्द मिळतात, तेच डोंगरातल्या आंधाच्या आणि पारध्याच्या लेकराला मिळावेत, एवढंच मागणं आहे. जमिनीवर नांगर धरलेला हात दवाखान्याच्या खिडकीपुढे जोडायची गरज नाही. त्या हाताने आता वही धरायची आहे.

जमीन हक्काची, दवाखानाही हक्काचा!
जय आदिवासी!